शंखशिंपल्यांचा संग्रह : एका डब्याच्या निमित्ताने

माळशिरसपासून समुद्र किती दूर आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारांनी देता येते. सरळ रेषेत मोजले तर पश्चिमेस गुहागरचा किनारा सुमारे १९० किलोमीटरांवर आहे. पावसाच्या पाण्याला विचारले तर मात्र समुद्र पूर्वेस आहे आणि पुष्कळच लांब आहे. कारण ह्या तालुक्यात पडलेले पाणी भीमेवाटे कृष्णेस आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरास मिळते. पायाखालचा खडक दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे ते थर होत, समुद्रतळाचा गाळ नव्हे. तेव्हा माळशिरसच्या हद्दीत समुद्री शंख किंवा शिंपला आढळला, तर तो कोणीतरी माणसाने तेथे आणला, असे निःशंकपणे म्हणता येते. किनाऱ्यावरच्या गावात हे विधान करता येणार नाही. समुद्रापासून दूर राहणाऱ्या अभ्यासकाची ही एक सोय आहे, आणि प्रस्तुत लेख तिच्यावरच उभा आहे.

लेखास निमित्त झाले ते एका पत्र्याच्या डब्याचे. विभागातील एका विद्यार्थिनीने तो माळशिरसच्या आपल्या घरून आणला होता. डब्यात शंख, शिंपले व कवड्या मिळून तीन-चार ओंजळी भरतील एवढा ऐवज होता. घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीप्रमाणे दिवाळीच्या सुटीत एकदा गुहागरास आणि त्यानंतर काही वर्षांनी मे महिन्यात गणपतीपुळ्यास सहल झाली होती. त्या दोन्ही वेळी मुलांनी वाळूत वेचलेले ते हे. ह्यावर लघुप्रबंध लिहिता येईल काय, असा तिचा प्रश्न होता. डबा टेबलावर रिकामा केला, त्याची वर्गवारी केली, आणि दुपार संपेपर्यंत उत्तर मिळाले. ते नकारार्थी होते. परंतु ते का नकारार्थी होते, हे समजून घेणे एखाद्या लघुप्रबंधाइतकेच उपयुक्त आहे असे वाटल्यावरून त्याची हकीकत येथे देत आहे.

पहिली गोष्ट अशी की, डब्यातील सर्वच वस्तू समुद्राच्या नव्हत्या. काळपट हिरव्या रंगाची, पातळ कवचाची, वेटोळ्यांवर गडद पट्टे असलेली एक गोगलगाय निघाली. ती बेलामिया ह्या गोड्या पाण्यातील प्रजातीची. तिच्याशेजारी एका लांबट शिंपल्याची एक झडप होती. बाहेरून तपकिरी साल, आतून मोत्यासारखी चकाकी, आणि बिजागरीजवळचा भाग झिजून खडूसारखा पांढरा पडलेला. हा लॅमेलिडेन्स, आपल्या नद्यांच्या व तलावांच्या चिखलात तो सर्रास असतो. समुद्री शिंपले बहुधा जाड व भरीव असतात, आणि त्यांची बाहेरची साल लाटांच्या घासण्याने केव्हाच गेलेली असते. नदीतील शिंपल्यास ती साल टिकवून ठेवावी लागते, कारण गोड्या व काहीशा आम्ल पाण्यात चुन्याचे कवच विरघळू लागते आणि साल हेच त्याचे चिलखत होय. नीरेकाठी एखाद्या दुपारी सापडलेली ही जोडी मुलांनी गुहागरच्या शिंपल्यांत नेऊन ठेवली असावी. मुलांच्या दृष्टीने शिंपला तो शिंपला. त्यात त्यांचे चुकले असेही म्हणता येत नाही.

दुसरा गट कवड्यांचा. लहान, पिवळसर, पाठीचा घुमट फोडलेल्या अशा ह्या कवड्या होत्या. पाठ फोडतात ती दोरा ओवता यावा म्हणून. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या व गोंधळ्यांच्या गळ्यांतील कवड्यांची माळ ज्याने पाहिली आहे, त्यास हे सांगावयास नको. अशीच एखादी माळ तुटून तिच्या कवड्या डब्यात पडल्या असाव्यात, आणि चौकशीअंती आजीच्या देवघराशी त्यांचा संबंध जुळलाही. कवडीचा हा प्राणी, मोनेटारिया मोनेटा, प्रवाळांच्या उथळ उबदार समुद्रात राहतो. मालदीव बेटे ही त्याची शतकानुशतकांची मोठी पेठ. चौदाव्या शतकात त्या बेटांवर राहून गेलेल्या इब्न बतूताने तेथील कवड्या बंगालमध्ये जात असल्याचे लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकातही बंगालमध्ये एका रुपयास काही हजार कवड्या मोजून मिळत. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे आपले शब्द केवळ अलंकारिक नाहीत. ते एका चलनाचे अवशेष आहेत. डब्यातील कवड्या मात्र चलनातून नव्हे तर भक्तीतून आल्या, आणि सहलीशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

तिसऱ्या गटात दोनच वस्तू होत्या, आणि घरात सर्वांत जास्त कौतुक त्यांचेच होते. एक ठिपक्यांची मोठी व्याघ्रकवडी आणि दुसरा वरची साल घासून काढून आतला मोत्याचा थर उघडा केलेला एक गोल शंख. व्याघ्रकवडी ही प्रवाळी समुद्रातील. कोकणाच्या वाळूत ती सहज वेचता येत नाही. दुसऱ्या वस्तूवर तर सरळ सरळ कारखान्याची पॉलिश होती. किनाऱ्यावरील दुकानांत ‘समुद्राची आठवण’ म्हणून विकला जाणारा माल पुष्कळदा दुसऱ्याच समुद्राचा, बहुतेक तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेला, असतो. खरेदी आणि वेचणी ह्यांतील फरक दहा वर्षांत घरातली माणसे विसरतात, आणि शंखाला तो लक्षात ठेवण्याचे साधन नसते.

राहिला चौथा गट, म्हणजे खरोखर वाळूत वेचलेला. त्यात बटणाएवढे, तऱ्हेतऱ्हेच्या नक्षीचे चपटे शंख (अंबोनियम) सर्वांत अधिक होते. त्यानंतर पाचरीच्या आकाराचे छोटे डोनॅक्स, उभ्या पन्हळींचे जाड शिंपले (अनाडारा), मळसूत्रासारखे निमुळते टुरिटेला आणि समुद्रफेनाचा एक तुकडा. समुद्रफेन म्हणजे माकुलाच्या जातीच्या एका प्राण्याचे अंतर्कवच. आपल्या वैद्यांस ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ह्यांपैकी गुहागरचे कोणते आणि गणपतीपुळ्याचे कोणते, दिवाळीचे कोणते आणि मे महिन्यातील कोणते, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता. पावसाळ्यात खवळलेला समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो व पुढे हळूहळू परत आणून टाकतो, त्यामुळे एकाच पुळणीवर दिवाळीत व मे महिन्यात सापडणारा ऐवज सारखा नसतो. दोन स्थळे व दोन ऋतू ह्यांची जी तुलना सहज साधली असती, ती एका चिठ्ठीच्या अभावी कायमची गेली.

तथापि स्थळ व दिनांक लिहिले असते तरी ह्या संग्रहावर किती भिस्त ठेवता आली असती, हा प्रश्न उरतोच. आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. एका उदाहरणाने तो स्पष्ट होईल.

डब्यातील शिंपल्यांच्या झडपांपैकी निम्म्याहून अधिक झडपांना बिजागरीजवळ एक सुबक वाटोळे छिद्र होते. हे छिद्र लाटांनी पडलेले नसते. नॅटिका व तिचे सगेसोयरे हे मांसाहारी शंख वाळूखाली शिंपल्यास गाठतात, कवच विरघळवणारा स्राव व दातेरी जीभ ह्यांच्या साहाय्याने त्यास भोक पाडतात आणि आतील प्राणी खातात. ह्या कुळाने पाडलेले छिद्र बाहेरच्या अंगास रुंद व आत निमुळते, म्हणजे स्क्रूचे डोके बसावे म्हणून सुतार लाकडात करतो त्या खळग्यासारखे, असते. म्युरेक्सच्या कुळाने पाडलेले छिद्र बहुधा सरळ भिंतींचे असते. अशा छिद्रांच्या प्रमाणावरून त्या किनाऱ्यावर शिकार किती होते ह्याचा अंदाज बांधता येतो, आणि जीवाश्मांच्या बाबतीतही ही पद्धत वापरली जाते. मग ह्या डब्यावरून, गुहागर-गणपतीपुळ्याच्या निम्म्याहून अधिक शिंपल्यांची अशी शिकार होते, असे म्हणावे काय? विद्यार्थिनीने ते जवळजवळ लिहिलेच होते. परंतु तिच्या आत्याने सहज सांगितले की, मुली नेमके भोकाचे शिंपले शोधत, कारण ते माळेत ओवता येत. निम्म्याहून अधिक हे प्रमाण शिकारी शंखांचे नव्हते. ते माळा करणाऱ्या मुलींचे होते.

संग्राहकाची नजर ही अशी चाळणी असते. सहलीला गेलेला माणूस अखंड ते घेतो, रंगीत ते घेतो, तळहातावर मावेल ते घेतो. फुटके, पांढरे पडलेले, तांदळाएवढे किंवा फार मोठे ते टाकतो. डब्यात फुटका तुकडा एकही नव्हता. आणि किनाऱ्यावरील वाळूत तर बहुतांश फुटकेच असते. म्हणून हौशी संग्रह पाहताना ‘ह्यात काय आहे’ ह्याआधी ‘ह्यात काय नाही’ हे विचारावयास हवे.

पुरातत्त्वज्ञ हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि दख्खनमध्ये तो शंखांच्याच बाबतीत विचारला गेला आहे. समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी समुद्री शंख आणून ठेवणारी माळशिरसची मुले ही पहिली नव्हेत. प्रवरेकाठच्या नेवासे येथे १९५४ नंतर ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ ते १९८३ ह्या काळात डेक्कन कॉलेजने जी उत्खनने केली, त्यांत शंखाचे मणी व बांगड्या आढळल्या. इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती स्थूलमानाने इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० ह्या काळातील. सोलापूरच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथेही सातवाहन काळातील शंखाच्या वस्तू मिळाल्या आहेत. हे तगर ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक प्रवासग्रंथात येते. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे.

बांगडीसाठी वापरला जाणारा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, आपल्या देवघरातील पूजेचा शंख. त्याचे कवच जाड व मधला खांब भरीव असल्याने आडवे छेद घेऊन त्यातून कडी काढता येतात. हा प्राणी मुख्यतः कच्छचे आखात आणि दक्षिणेकडील मनारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी ह्या भागांत मिळतो. कोकणच्या पुळणीवर तो वेचण्याइतका नसतो. म्हणून भीमेच्या खोऱ्यातील अशा बांगडीचा तुकडा जवळच्या समुद्राकडे बोट दाखवीत नाही, तर त्याहून पुष्कळ लांबच्या समुद्राकडे दाखवितो. परंतु हे ज्ञान केवळ बांगडीने दिले नाही. बांगडी कोणत्या थरात होती, तिच्याबरोबर कोणती खापरे होती, आणि विशेषतः तिच्या आसपास शंखाचा कापलेला कचरा, अर्धवट कडी, टाकून दिलेले खांब होते की नव्हते, ह्यांनी ते दिले. सौराष्ट्रातील नागेश्वर ह्या हडप्पाकालीन स्थळी असा कचरा विपुल मिळाला, म्हणून तेथे बांगड्या घडत होत्या असे म्हणता येते. जेथे तयार बांगड्याच मिळतात आणि कचरा मिळत नाही, तेथे त्या बाहेरून आल्या असण्याचा संभव मोठा. उत्खननकर्त्याने सुंदर तेवढे उचलले असते आणि कचरा टाकला असता, तर नागेश्वर आणि तयार माल घेणारे एखादे गाव ह्यांत भेद उरला नसता.

शंखाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस व वेळापूर येथे मुक्काम करते, आणि ज्याच्या दर्शनास ती जाते त्या पंढरीच्या विठ्ठलाच्या कटीवरील डाव्या हातात शंखच आहे. शंखाच्या डाव्या-उजव्याविषयी मात्र शास्त्र व परंपरा ह्यांची भाषा उलटी आहे. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरतात. तसे धरले असता बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते, म्हणून ते ‘उजवे’. परंपरेत शंख उलटा, म्हणजे पन्हळीचे टोक वर, धरतात. त्यामुळे तोच शंख ‘वामावर्त’ ठरतो आणि शास्त्राचा दुर्मीळ ‘डावा’ शंख परंपरेचा ‘दक्षिणावर्त’ होतो. वाद शंखाचा नसून धरण्याच्या रीतीचा आहे. बाजारात दक्षिणावर्त म्हणून पुष्कळदा जे विकले जाते ते अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका निराळ्याच प्राण्याचे कवच असते. त्याच्या जातीत सगळेच शंख डावे असतात, तेव्हा दुर्मीळतेचा प्रश्नच उद्भवत नाही. खऱ्या टर्बिनेलाच्या तोंडात, मधल्या खांबावर, तीन-चार आडव्या ठळक घड्या दिसतात. त्या नसतील तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

आता, सुटीत समुद्रावर जाणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? फार थोडे करावे लागते. प्रथम ओहोटीची वेळ काढावी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे, आणि मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यास ती स्थूलमानाने जुळते. एकादशीस अकराची पाऊणपट सव्वाआठ. तेव्हा सकाळी व रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, आणि सुमारे सहा तासांनी, दुपारी अडीचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. वारीच्या वाटेवरील गावांना एकादशी केव्हा हे विचारावे लागत नाही, तेव्हा भरतीचे वेळापत्रकही त्यांच्या हाताशीच आहे म्हणावयाचे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, त्या वेळी ओहोटीही खोल जाते व अधिक पुळण उघडी पडते.

मग भरतीने सोडलेल्या ओल्या रेषेवर अर्धा मीटर बाजूचा चौरस दोरीने आखावा आणि त्यातील कवचाचा प्रत्येक तुकडा मोजावा. अखंड, फुटका, रंगीत, पांढरा, असा कोणताही भेद करू नये. असे पाच-सहा चौरस ठरावीक पावलांच्या अंतराने घ्यावेत. अंतर आधी ठरवावे, म्हणजे नजर जेथे शंख अधिक दिसतात तेथे पावलांना ओढणार नाही. शिंपल्याच्या डाव्या व उजव्या झडपा वेगवेगळ्या मोजाव्यात. प्रत्येक प्राण्यास दोन्ही सारख्याच असतात, तरी किनाऱ्यावर त्या नेहमी सारख्या सापडत नाहीत, कारण त्यांचे आकार एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब असल्याने लाट त्यांना थोड्या निराळ्या दिशांना ढकलते. ह्या साध्या मोजणीवरून किनाऱ्यालगतच्या प्रवाहाविषयी अनुमान करता येते. छिद्रे मोजावयाची ती ह्याच चौरसांत. नोंद जागेवरच करावी, शिसपेन्सिलीने. शाई ओलाव्यात पसरते. गाव, पुळणीचा कोणता भाग, दिनांक, तिथी, रेषेपासूनचे अंतर एवढे पुरे.

अंतर व उंची ह्यांचा आग्रह निष्कारण नाही. दापोली तालुक्यातील केळशी येथे वाळूची एक उंच टेकडी आहे. तिच्या पोटात, आजच्या भरतीच्या पुष्कळ वर, शंखशिंपले व त्यांबरोबर जुन्या वस्तीच्या खुणा आढळल्या. डेक्कन कॉलेजमधील अशोक मराठे ह्यांनी तिचा अभ्यास करून एका प्रचंड सागरी लाटेशी तिचा संबंध जोडला. त्या लाटेच्या काळाविषयी व स्वरूपाविषयी मतभेद आहेत. परंतु वाद करता येतो तोच मुळी त्या शिंपल्यांची जागा नोंदलेली आहे म्हणून. तेच शिंपले कोणी खिशात घालून नेले असते तर वादही राहिला नसता.

मोजून झाल्यावर बहुतेक ऐवज तेथेच सोडावा, असे माझे मत आहे. एकट्याने मूठभर शिंपले उचलल्याने काय बिघडते, हा युक्तिवाद नेहमीचा आहे. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरील एका पुळणीवर १९७८ ते १९८१ ह्या काळात मोजणी झाली होती आणि तीच २००८ ते २०१० मध्ये पुन्हा करण्यात आली. मधल्या काळात पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले आणि शिंपल्यांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रिकामे कवच हे निरुपयोगी नसते. स्वतःचे कवच नसलेले खेकडे दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करतात. तो विरून पुन्हा पाण्यातील चुना होतो. त्याचे तुकडे वाळूच बनतात. आपल्याकडे तिपटीची अशी जुनी मोजणी हाताशी असती तर किती बरे झाले असते, हे गुहागरच्या आजच्या गर्दीत उभे राहिले असता जाणवते.

जिवंत प्राणी मात्र कदापि घेऊ नये. शंखाच्या तोंडावर झाकण असेल किंवा शिंपला घट्ट मिटलेला असेल, तर तो जिवंत समजावा. कोनसच्या शंकूसारख्या शंखास तर हातही लावू नये. त्याच्या काही जातींचा विषारी दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. शिवाय कायद्याचीही जाणीव ठेवावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत २००१ साली समुद्री मृदुकायांच्या काही जाती समाविष्ट झाल्या. नॉटिलस, ट्रायडॅक्ना ह्या महाकाय शिंपल्याच्या जाती, मोठा शिरस्त्राण शंख, तसेच गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवीत तो पातळ शिंपला ही त्यांतील नावे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणी बदलली आहे, तेव्हा ताजी यादी पाहावी. दुकानातून विकत घेतल्याने ह्या जबाबदारीतून सुटका होत नाही.

घरी आणलेल्या थोड्या नमुन्यांची निगा सोपी आहे. काही दिवस गोड्या पाण्यात, पाणी बदलीत, भिजत ठेवावेत, म्हणजे क्षार निघून जातात. नंतर सावलीत वाळवावेत. चमक आणण्यासाठी व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल लावू नये, कारण कवच म्हणजे चुनाच. साठवण्याची चूकही अशीच घातक ठरते. लाकडी कपाटांत व हलक्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलेल्या शंखांवर कालांतराने पांढरी भुकटी धरते. लॉफ्टस बाईन ह्या इंग्रज संग्राहकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जंतूंची बाधा मानली, आणि पुष्कळ काळ ती ‘बाईनचा रोग’ म्हणून ओळखली गेली. प्रत्यक्षात तो रोग नव्हे. लाकडातून व कागदातून निघणारे आम्ल वायू कवचातील चुन्याशी संयोग पावून क्षार बनवितात, हे १९८० नंतरच्या दशकात रासायनिक परीक्षणाने स्पष्ट झाले. ह्या दृष्टीने माळशिरसच्या घरातील पत्र्याचा डबा, आणि तेथील कोरडी हवा, ही एखाद्या शिसवी कपाटापेक्षा चांगलीच म्हटली पाहिजेत. शंख उत्तम स्थितीत होते. नासली होती ती केवळ माहिती.

डबा परत करताना आम्ही त्यात चार पिशव्या केल्या. पहिलीवर ‘नीरा नदी (बहुधा)’, दुसरीवर ‘आजीची माळ’, तिसरीवर ‘विकत’ आणि चौथीवर ‘गुहागर किंवा गणपतीपुळे, दिवाळी किंवा मे, वर्ष अज्ञात, माळेसाठी निवडलेले’ असे लिहिले. चौथ्या चिठ्ठीतील शेवटचे दोन शब्द विद्यार्थिनीने स्वतः घातले. येत्या दिवाळीत ती गुहागरास जाणार आहे. अर्धा मीटर बाजूच्या चौरसाची दोरी तिने गाठी मारून तयार ठेवली आहे.